दुसऱ्यांदा येणारं डोकं

बसेलकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही पटकन आठवायचं नाही. केस कापून झाले, मागून आरसा दाखवला आणि गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं, की काका कापड झटकत एवढंच म्हणायचे, “बसेल.” आणि खोटं कशाला बोला, बसायचं! पहिले काही दिवस माणूस उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा, घरातली पोरं तोंडावर हात ठेवून हसायची. मग आठवड्याभराने एका सकाळी केस आपापल्या जागी असे जाऊन पडायचे, की हा माणूस जन्मला तोच असा, असं वाटावं.

ही त्यांची पद्धत. आधी डोक्यावरचा भोवरा कुठल्या अंगाला वळतो ते बोटांनी चाचपायचं, तिथले केस जरा लांबच सोडायचे, कानामागे थोडा भार ठेवायचा आणि उरलेलं काम केसांवर सोपवायचं. “पहिल्या दिवशी जावईसुद्धा चांगलाच वाटतो,” काका म्हणायचे, “खरा कळतो तो राहायला आल्यावर.” गल्लीने हे मान्य केलं होतं. गल्लीत पुरुषांचे प्रकारच तीन होते: नुकताच कापलेला, बसत आलेला आणि बसलेला. मुलगी बघायला जायचं असलं तर लोक आधीचा आठवडा धरून काकांकडे यायचे.

मग तळं प्रसिद्ध झालं.

तळं काही नवीन नव्हतं. पूर्वी तिथे माणसं कपडे धुवायला जायची आणि जमलं तर भांडायला. कुणीतरी पहाटेच्या धुक्यात त्याचा फोटो काढला, तो दहा ठिकाणी फिरला आणि गाड्या यायला लागल्या. आधी लोक दुपारपुरते यायचे, मग मुक्कामाला राहू लागले. मुक्काम म्हटला की खाट आली. पहिली खाट दिली समोरच्या वहिनींनी. तेव्हा त्या नुसत्याच वहिनी होत्या, आता रूमवाल्या वहिनी झाल्या. त्यांनी आधी बाहेरची खोली दिली, मग मधली, आणि शेवटी नवऱ्यापोरांसकट स्वतः मागच्या कोठीत गेल्या. पाहुण्यांची झोपमोड नको म्हणून स्वतःच्याच घरात त्या चोरासारख्या चवड्यांवर चालायला शिकल्या.

त्यांचं बघून बाकीच्यांनी हिशोब केला, की कोठीत कोंबून घेण्यापेक्षा अख्खं घर भाड्याने दिलेलं बरं. एकेक कुटुंब बसस्टँडपलीकडच्या नव्या इमारतींत राहायला गेलं. गल्लीत पैसा आला, चांगले दिवे आले, नळाला दोन्ही वेळ पाणी आलं, नोकरीसाठी परगावी गेलेली पोरं परत येऊन गाड्या चालवायला लागली. काकांचा मुलगाही त्यातलाच. वाईट झालं असं कुठल्या तोंडाने म्हणणार? फक्त संध्याकाळी ओट्यावर बसून कुणाची निंदा करावी म्हटलं, तर ती करायला आणि ऐकायला गल्लीत माणूस उरला नाही.

सगळ्यात शेवटी गेले शेजारचे शिंपीदादा. त्यांचं मशीन जिथे घरघरायचं तिथे आता तळ्याचं चित्र छापलेले कप मिळतात. जाताना ते काकांना म्हणाले, “अरे, महिन्याला येतोच की मी. तुझ्याशिवाय माझ्या डोक्याला हात कोण लावणार?” दोन महिने आले. मग गुडघे, मग बसची गर्दी, मग नातवाची शाळा.

एकदा काका कात्री-कंगवा पिशवीत घालून स्वतःच त्यांच्याकडे गेले. शिंपीदादांनी दार उघडलं आणि आधी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. मशीन फिरवून एकसारखं केलेलं डोकं, गुळगुळीत.

“खालीच सलून निघालंय रे,” दादा खाली बघत म्हणाले. “लिफ्टने उतरलं की झालं.”

“छान आहे की,” काका म्हणाले. “ह्याला बसायची वाट बघायला नको.”

चहा झाला. पिशवी काकांनी पूर्ण वेळ मांडीवरच ठेवली, उघडली नाही.

इकडे दुकान चालायचं ते फोटोंवर. पाहुण्यांना ती जुनी लोखंडी खुर्ची आवडायची, डाग पडलेला मोठा आरसा आवडायचा, काकांच्या मिशाही आवडायच्या. हौसेने केस कापून घ्यायचे आणि दोन-तीन दिवसांत गावी चालते व्हायचे, ऐन उंदराच्या अवस्थेत. पी हळद आणि हो गोरी असा सगळा मामला! केस बसायचे ते कुठेतरी लांब, काकांनी कधी न पाहिलेल्या आरशात. तोपर्यंत फोनवर शेरा पडलेला असायचा.

वरच्या दोन खोल्या सूनबाई चालवायची. शेरे तिलाच वाचावे लागायचे.

“बाबा, ऐका,” एका सकाळी ती चादरींचा गठ्ठा काखेत मारून दुकानात आली. “हा म्हणतो, खोली स्वच्छ, तळं सुंदर, खालच्या दुकानात मात्र चुकूनही मान देऊ नका.”

“कुठला हा?”

“तो उंच होता ना, चष्मेवाला.”

“त्याला दोन भोवरे होते,” काका म्हणाले. “आता बसले असतील. मस्त बसले असतील गं!”

“बसले असतील, पण ते लिहायला तो परत येणार आहे का?” सूनबाईने गठ्ठा खुर्चीवर टेकवला. “बाबा, मी वाईट म्हणून सांगत नाही. लोक वरती पलंगावर बसून खातात, चादरींवर डाग पडतात, धुऊन धुऊन माझे हात सोलवटले. खाली चार टेबलं टाकली तर सकाळचं खाणं इथेच देता येईल. नाहीतर मग तुम्ही त्यांना हवं तसं कापा. पहिल्याच दिवशी छान दिसेल असं.”

“ते मला येत नाही.”

“येत नाही की करायचं नाही?”

काका हसले. सुनेला सासऱ्याच्या नाड्या बरोबर सापडलेल्या असतात. मुलगा दारात गाडीची किल्ली फिरवत उभा होता. बायको आणि बाप यांच्यामध्ये शहाणा माणूस जिथे उभा राहतो तिथेच, म्हणजे उंबऱ्यावर.

शेवटी काकांनीच तोड काढली. वरच्या खोलीत एक लॅपटॉपवाला महिनाभरासाठी आला होता. खिडकीत बसून दिवसभर टकटक करायचा, त्याचं ऑफिस म्हणे त्या डबीतच होतं. मानेवर केस रुळत होते आणि कालच त्याने कधी कापून द्याल म्हणून विचारलं होतं.

“त्याचे कापतो,” काका म्हणाले. “जायच्या आत तो आपणहून दुसऱ्यांदा ह्या खुर्चीत कापायला बसला, तर दुकान राहील. नाही बसला तर तुझी टेबलं.”

“त्याला सांगायचं नाही हं बाबा. गळ घालायची नाही.”

“तोंडातून अक्षर नाही.”

आता ही गोष्ट घरातल्या घरात राहायला हवी होती. पण समोर रूमवाल्या वहिनी असताना? दुपारपर्यंत चहावाल्यापासून कपवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. लॅपटॉपवाला एकटाच अज्ञानात सुखी होता.

काकांनी त्याचे केस असे कापले की काय सांगावं! बोटं डोक्यावर टेकली आणि जरा वेळ तशीच राहिली. कितीतरी दिवसांनी त्यांना असं डोकं मिळालं होतं, जे उद्या-परवा गावाला जाणार नव्हतं. कात्री हळू चालली. कापड झटकलं. लॅपटॉपवाल्याने आरशात पाहिलं, गिळलं, आणि सभ्य माणूस म्हणून “थँक्यू” म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो टोपी घालून फिरायला लागला.

टोपी! काकांचा जीव टांगणीला लागला. टोपीखाली केस बसत होते की चेंगरत होते, कळायला मार्ग नाही. सकाळी तो तळ्यावर निघाला की काका लगबगीने दूध आणायला निघायचे. घरात दूध इतकं साठलं, की काकू म्हणाल्या, “अहो, तुम्ही त्या माणसाच्या मागे आहात की गवळ्याच्या?”

“वारा सुटला की टोपी उडेल,” काका म्हणाले.

“ह्या वयात लोक देवाचं नाव घेतात, तुम्ही वाऱ्याचं घ्या.”

काकूंना माहीत होतं ते काका बोलत नव्हते. दुकान जाईल ह्याचं दुःख होतंच, पण खरी तहान वेगळी होती. आपण कापलेलं डोकं बसलेलं बघून त्यांना किती दिवस झाले होते! आधी गल्लीत बाहेर पडलं की आपलं काम चालताना दिसायचं. कुणी भाजी घेतंय, कुणी पोराला ओरडतंय, आणि मान वळली की कानामागची ती रेघ दिसायची. आता सकाळी कापावं आणि परवा ते डोकं बसच्या खिडकीतून दिसेनासं व्हावं. पेरायचं रोज आणि उगवलेलं दुसऱ्याच्या गावात.

मग एका सकाळी लॅपटॉपवाला तळ्याच्या पायऱ्यांवर बसला होता. त्याने डोकं खाजवायला टोपी काढली आणि ती मांडीवरच ठेवली. काका दुधाची पिशवी घेऊन जागच्या जागी थांबले. बसले होते! भोवऱ्यावरचे केस शहाण्या मुलासारखे एका अंगाला झोपले होते, कानामागून रेघ मानेत अलगद उतरली होती. तो पाण्याकडे बघत होता आणि काका त्याच्याकडे. बाजूला लोक धुक्याचे फोटो काढत होते. कितीतरी वेळाने काका घरी आले, तेव्हा पिशवीतून दूध गळून चप्पल भिजली होती हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“बसले,” ते काकूंना म्हणाले आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून बराच वेळ तोंड पुसत राहिले.

त्यानंतर टोपी सुटली. लॅपटॉपवाला जिन्यातल्या आरशात बघत उतरायला लागला. गल्लीला वाटलं, काका जिंकले. जायच्या आदल्या दिवशी तो खरोखरच दुकानात आला. कपवाला आणि रूमवाल्या वहिनी दारात असे उभे राहिले, जसं काही दोघांना एकाच वेळी रस्ता झाडायची आठवण झाली होती. सूनबाई जिन्यात थांबली.

“काका, बसू का?” म्हणत तो खुर्चीत बसला.

काकांनी कापड उचललं.

“अहो, कापायला नाही,” तो हसला. “तुमच्याबरोबर एक फोटो घ्यायचाय. खरं सांगू? पहिल्या दिवशी मी तुम्हाला मनात शिव्या दिल्या. पण आता असे बसलेत ना, की दोन महिने तरी कात्री लावायला नको! घरी बायकोला व्हिडिओवर दाखवले, ती म्हणाली, परत त्यांच्याकडेच कापून घे. म्हटलं, आता कुठे परत? इतक्या लांब?”

काका आरशातून त्याच्याकडे बघत राहिले. आपण पैज कशावर लावली ते त्यांना आत्ता कळलं. कापणं बिघडलं असतं तर तो कदाचित नीट करून घ्यायला आला असता. बसलं, म्हणून आता त्याला यायचं कारणच उरलं नव्हतं. ज्या डोक्याला दोन महिने थांबायचं, त्याचं घर गल्लीतच असावं लागतं. त्यांची सगळी विद्या शेजाऱ्यांसाठी होती.

कापड घडी करून त्यांनी हातावर टाकलं आणि फोटोसाठी सरळ उभे राहिले. मिशाही पिळल्या.

तो वर गेल्यावर सूनबाई हळूच आत आली. “बाबा, बसला की तो. खुर्चीत बसला. मी बघितलं. आपलं ठरलं होतं तसं...”

“कापायला बसायचं ठरलं होतं, सूनबाई.”

“कोण एवढं धरून बसतंय?” तिचा आवाज ओला झाला. “टेबलांचं पुढच्या वर्षी बघू.”

“तुझे हात दाखव,” काका म्हणाले. तिने दाखवले नाहीत, पदरामागे घेतले. “चार नको, तीन टाक. चौथं दारात अडेल.”

टेबलं आली. आरसा राहिला, त्याने जागा मोठी दिसते. खुर्ची फरशीत इतकी घट्ट रुतली होती की ती काढायला मिस्त्रीने नकार दिला. मग ती तशीच ठेवली, पाहुण्यांची मुलं तिच्यात गरागरा फिरतात. रूमवाल्या वहिनी म्हणाल्या, “काका, आता आराम करा.” काका म्हणाले, “करतोय की,” आणि सूनबाईच्या हातातली चहाची किटली त्यांनी स्वतःकडे घेतली.

आता रोज सकाळी ते चहा वाढतात. वाढणारा समोरून येतो, पण काका मागून येतात. पाहुणे खाली वाकून खात असतात आणि ओळीने माना दिसतात. कुणाची मशीनने उडवलेली, कुणाची घाईत सोडून दिलेली, कुणाची कुठल्याशा गावातल्या कुणा म्हाताऱ्या हाताने सावकाश, भार ठेवून कापलेली. तशी मान दिसली की काकांची किटली हवेत थबकते.

“कुठले तुम्ही?” ते विचारतात.

पाहुणा वळून गावाचं नाव सांगतो. काका मान डोलावतात.

“तिकडे अजून गल्लीत माणसं राहतात वाटतं,” ते म्हणतात, आणि त्याचा कप भरलेला असला तरी त्यात आणखी थोडा चहा ओततात.