अक्काचा पहिला शब्द

कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदच्या बाजारात मला शाळेतला मास्तर म्हणून ओळखणारे थोडे, आणि "काय सर, आता कुणाला मारायलाव?" असं विचारणारे जास्त. मी रहस्यकादंबऱ्या लिहितो. सकाळी शाळेच्या आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो. बायको कणीक मळत असते आणि मी कुणाचा तरी गळा दाबत असतो. औषधाच्या दुकानात झोपेच्या गोळ्यांची चौकशी केली की दुकानदार आधी विचारून घेतो, "पुस्तकात घालायलाव का पोटात?"

माझी पहिली वाचक माझी मोठी बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती मागच्याच गल्लीत राहते. लिहिलेलं सगळं आधी तिच्याकडे जायचं. ती अर्ध्यावर येईतोवर खुनी ओळखायची, आणि कागद परत देताना एवढंच म्हणायची, "बरं हाय. पण मला कळलं होतं." तिला चकवायचं, एवढ्यासाठीच मी निम्मी पुस्तकं लिहिली असतील.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी केस विंचरताना अक्काच्या हातातली फणी गळून पडली. दाजींनी काय झालं विचारलं, तर तोंडातून नुसता आवाज निघाला. आम्ही तिला जीपमध्ये घालून कलबुर्गीला नेलं. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "शब्द कधी येतील, किती येतील, सांगता येत नाही. आपण बोललेलं त्यांना किती कळतं, तेही आत्ताच सांगणं कठीण आहे. पण तुम्ही बोलत राहा."

बोलत राहा म्हणणं सोपं होतं. भेटायला आलेले पाहुणे अक्का बहिरी असल्यासारखे मोठ्यानं बोलायचे आणि मग बाहेर ओट्यावर बसून हळू आवाजात हळहळायचे. दाजी चहा विचारायचे, अक्का त्यांच्याकडे बघत राहायची. त्या बघण्यात व्हय होतं का न्हाई, कळायचं नाही. मला तर तिच्याजवळ बसवत नसे. माझी नवी कादंबरी अर्धी होऊन पडली होती, लातूरहून प्रकाशकांचे फोन यायचे, आणि मला कागदावर कुणाला मारायची इच्छाच उरली नव्हती.

शेवटी दाजीच म्हणाले, "तुझं काय लिहिलेलं असंल ते तरी वाचून दाखव तिला. माझ्याजवळचं बोलणं सरलं बघ."

मग मी रोज शाळा सुटल्यावर एक प्रकरण वाचू लागलो. गोष्ट एका निवृत्त तलाठ्याची होती. रात्री विहिरीवरची मोटार बघायला म्हणून तो शेतात गेला आणि सकाळी विहिरीत सापडला. माझ्या मनात खुनी होता त्याचा पुतण्या. अक्का भिंतीला टेकून बसायची, डोळे छताकडे. ती ऐकतेय का, हे मी विचारणंही सोडून दिलं होतं.

एके दिवशी तलाठ्याच्या बायकोची जबानी वाचत होतो. ती पोलिसांना रडत रडत सांगते, "मी जेवायची थांबले होते. म्हटलं, हे आले की दोघं मिळून जेवू."

"सुळ्ळ," अक्का म्हणाली.

दाजी मोसंबी सोलत होते, त्यांचा हात थांबला. सुळ्ळ म्हणजे कन्नडमध्ये खोटं. अक्का शेजारणींशी कन्नड बोलायची, घरात मात्र कधी नाही.

"काय म्हनलीस?" दाजींनी विचारलं.

"सुळ्ळ."

मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. अर्थ नसलेले शब्दही तोंडातून निघू शकतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मी विचारलं, "कोण खोटं बोलायलंय, अक्का?" तिनं डाव्या हातानं माझ्या हातातल्या कागदावर थाप मारली. मग ओठ जुळवत, घाम येईपर्यंत झटून म्हणाली, "भा... भाक..."

"भाकरी? भूक लागली का?" दाजी धावत आत गेले आणि ताटलीत भाकरी घेऊन आले. अक्कानं ताटली ढकलली, आमच्या दोघांकडे रागानं बघितलं आणि एक बोट वर केलं.

एक. मी मागची पानं चाळू लागलो. आदल्या दिवशी वाचलेल्या प्रकरणात पोलीस स्वयंपाकघर बघतात, तिथं मी लिहिलं होतं, 'चुलीजवळच्या दुरडीत एकच भाकरी होती.' एक का दोन, याचा मी विचारही केला नव्हता. हाताला आलं ते लिहिलं.

"म्हणजे तिनं एकटीपुरतीच भाकरी केली? ती त्याची वाटच बघत नव्हती? तो येणार न्हाई, हे तिला ठाऊक होतं?"

"व्हय," अक्का म्हणाली. अगदी स्पष्ट.

मी उठून अंगणात गेलो. नळाखाली तोंड धुतलं, तरी डोळे वाहतच होते. अक्का आतून शाबूत होती. आम्ही ओट्यावर बसून जे जे कुजबुजलो तेही तिनं ऐकलं असणार, याची लाज वाटायला हवी होती. पण तेव्हा छातीवरचा दगड उतरल्यासारखं एवढं हलकं वाटत होतं की लाजेला जागाच नव्हती. आत दाजी मोठमोठ्यानं हसत होते आणि तीच भाकरी मोडून खात होते.

पुतण्याला मी सोडून दिलं. तलाठ्याच्या बायकोला खुनी करायचं म्हणजे पुस्तक पहिल्यापासून पुन्हा लिहिणं आलं. प्रकाशक चिडले, पण थांबले. थंडीत तुरीच्या राशी होईपर्यंत माझं लिहिणं संपलं, आणि तोवर अक्का तुटक वाक्यं बोलायला लागली होती. मराठी शब्द सापडला नाही की कन्नड वापरते, तोही सापडला नाही तर दखनी उर्दू. हात अजून पुरता उठत नाही. डॉक्टरांनी रोज मोठ्यानं वाचायला सांगितलंय, म्हणून ती माझं छापलेलं पुस्तक मांडीवर घेऊन बसते. एखाद्या जोडाक्षराशी अडली की मला शिव्या घालते.

परवा दाजी माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "पहिलं एकाच भाषेत ओरडायची रे," ते म्हणाले, "आता तिन्हीत ओरडायलीय." आणि चहा न घेताच घाईनं निघाले, कारण अक्कानं त्यांना दही आणायला पाठवलं होतं.