आठ घरांचं देऊळ

साताऱ्याहून निघताना माझं मत पक्कं झालेलं होतं, हे आधीच कबूल करते.

जत तालुक्यातल्या एका लहान ख्रिस्ती मंडळीचं देऊळ (आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो) गेल्या वळवात उघडं पडलं होतं. पत्रे उडाले, एक भिंत बसली. आमच्या विभागीय समितीचा नियम असा की, ज्या मंडळीला उपासनेचं कायमचं ठिकाण नाही, ती शेजारच्या मोठ्या मंडळीत विलीन करायची. विलीन झाली की पाळकांची, म्हणजे धर्मगुरूंची, महिन्याची फेरी बंद; म्हणजे गावातलं प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) बंद, बाप्तिस्मे बंद. कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन, पाहून अहवाल द्यायचा होता. बाकीचे सभासद उंटावरून शेळ्या हाकण्यात तरबेज, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी तीस वर्षं नर्स होते. जे टिकणार नाही ते मला लवकर ओळखता येतं, असा माझा समज होता.

गाडी चालवायला नवरा, विजय. तो इतिहासाचा निवृत्त मास्तर. त्याला कामापेक्षा वाटेत रस. "जतला जातोच आहोत, तर आपल्या लोकांनी पहिल्यांदा जिथे उपासना केली त्या जागाही बघू," म्हणाला. मी होकार दिला, कारण नकार दिला असता तरी तो थांबणारच होता.

पहिला थांबा रहिमतपूर. माझ्या पणजोबांनी पहिली उपासना तिथल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या ओसरीवर केली, असं आमच्या घरात सांगतात. व्यापारी हिंदू, पण पाऊस होता आणि बसायला जागा नव्हती, म्हणून त्याने पोती सरकवून दिली. बाजारपेठेत तासभर विचारत फिरलो. शेवटी एका मोबाईलच्या दुकानापाशी म्हाताऱ्या मालकाने हात वर केला.

"हीच ती ओसरी. आज्जा सांगायचा, हितं येशूची भजनं व्हायची. लय गोड गायची मानसं."

"कुठे बसायची?" विजयने विचारलं.

"आता तुमी हुबं हाय न्हवं, तितंच."

मी खाली पाहिलं. फरशी, त्यावर चार्जरचे खोके आणि माझे सँडल. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही. विजय मात्र फरशीचा फोटो काढत राहिला. मालकाने चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत.

औंध, विटा करत तासगावच्या बाजूला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. मार्च महिना, द्राक्षं तुटायला लागलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याची शेडं. जाळ्यांच्या थरांवर हिरवी-पिवळी द्राक्षं वाळत पडलेली आणि हवेला आंबट-गोड वास. प्रभुभोजनाचा रस आम्ही बेदाणे भिजवून, उकळूनच करतो, म्हणून दोन किलो घेतले. त्यातले पावभर मिरज येईपर्यंत विजयच्या पोटात गेले.

रात्री मिरजेला एका मैत्रिणीकडे मुक्काम केला. जेवताना विजयने आपलं ठेवणीतलं ज्ञान काढलं. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीला स्वतःचं देऊळच नव्हतं. ती माणसं घरोघरी जमून भाकर मोडत. पुढे सिरिया देशात उत्खननात फार जुनं असं एक उपासनास्थळ सापडलं, तेही मुळात राहतं घर होतं. दोन खोल्यांमधली भिंत काढून मोठी बैठक केलेली. "म्हणजे आपली सुरुवात कुणाच्या तरी घराच्या पुढच्या सोप्यातून झाली," तो म्हणाला. मी म्हटलं, "सिरियातल्या घराला आमच्या समितीचा नियम लागू नव्हता." मैत्रीण हसली आणि विषय तिथेच संपला.

शनिवारी सकाळी जतच्या वाटेला लागलो. कवठेमहांकाळ मागे पडलं तसा ऊस संपला, मग द्राक्षंही संपली. पुढे नुसती माळरानं, काढणी झालेल्या ज्वारीचे सड, मेंढरांचे कळप. गाव तीन किलोमीटरवर असताना टायर पंक्चर झालं. डिकी उघडली तर जॅक नाही. "शेजाऱ्यांना दिला होता," विजय म्हणाला. कधी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं. अर्ध्या तासाने पाण्याचा टँकर आला. ड्रायव्हरने आपला जॅक काढला, चाक बदललं आणि जाताना आमची रिकामी बाटली भरून दिली.

गावात पोचलो तेव्हा दुपारची सामसूम होती. देऊळ सापडायला वेळ लागला नाही: तीन भिंती, वर आभाळ, आत उगवून वाळलेलं गवत. पुढचं दार तेवढं शाबूत आणि त्याला कुलूप. भिंत नाही पण कुलूप आहे, याचं मला हसू आलं. दारावर खडूने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: सुभेदार.

मी वही काढली आणि लिहिलं, "इमारत निरुपयोगी. जागेवर कुणा सुभेदाराने हक्क सांगितलेला दिसतो. विलीनीकरण योग्य." सही करायची तेवढी राहिली होती.

"बर्री, कूड्री (या, बसा)," मागून आवाज आला. सत्तरीच्या एक बाई, पदर डोक्यावर, गुडघ्यांनी अधू. या मार्थाबाई, त्या मंडळीच्या वडील, म्हणजे कारभार पाहणाऱ्या. सीमेवरचं गाव, स्वागत कन्नडमध्ये, पुढचं बोलणं मराठीत.

"सिस्टर न्हवं तुमी? उन्हात का हुभ्या?"

मी दाराकडे बोट केलं. "हा सुभेदार कोण? जागा बळकावली का त्याने?"

मार्थाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

"आवं, उद्याची उपासना त्येंच्यात हाय! कुनाच्यात पाळी, त्ये दारावर लिवतो आमी. देवळाकडं येनाऱ्याला कळाय पायजे न्हवं, कुटं जायाचं त्ये."

पत्रे उडाल्यापासून दहा महिने हे असं चाललं होतं. ख्रिस्ती घरं सात. दर रविवारी एका घरी उपासना. आणि आठवं घर सुभेदारांचं. ते मराठा, लष्करातून निवृत्त झालेले.

मी ओशाळले. वहीतलं पान फाडलं, पण मत काही फाडलं नव्हतं. मार्थाबाईंना स्पष्टच सांगितलं, "मला कायमचं एक ठिकाण लिहायचं आहे. ते नसेल तर पाळकांची फेरी थांबेल."

त्यांचं हसू मावळलं. "मग माज्या नातीचा बाप्तिस्मा? नाताळात धरलाय. जतला समद्यांस्नी न्यायचं कसं? येकच यष्टी हाय, आनि म्हाताऱ्यांस्नी त्यात चढता येत न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "उद्या बसा आमच्यासंगं. मग काय लिवायचं त्ये लिवा."

रविवारी नऊला सुभेदारांच्या सोप्यात गेलो. खाट बाहेर काढली होती, जमिनीवर घोंगडी अंथरली होती. भिंतीवर पलटणीचा फोटो. देव्हारा आतल्या खोलीत होता; ते पाहून मला हायसं वाटलं आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली. सुभेदार स्वतः बाहेर उंबऱ्याशी बसले. मी त्यांना विचारलं, तुम्ही हे का करता?

"मी काश्मिरात हुतो, तवा आई आजारी पडली. ही मानसं दर ऐतवारी उपासना झाली की आईपाशी येऊन बसायची. आई गेली. मग ह्येंचं छप्पर उडालं, तवा मी म्हनलो, सात घरांस्नी पाळी, आमालाच का न्हाई?"

सोपा भरला, माणसं अंगणात बसली. पेटी नव्हती, एक खंजिरी आणि टाळ. भजन मराठीतलं, मधली एक प्रार्थना कन्नडमध्ये. सुभेदारांच्या मुलाची बदली कुठेतरी उंचावर झाली होती, त्याच्यासाठीही मागणं झालं. उंबऱ्यावरच्या माणसाने तेव्हा टोपी काढली. साताऱ्याला आमचं दगडी देऊळ आहे, लांब बाकं आहेत, पंखे आहेत. अर्धी बाकं रिकामी असतात. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते आपलंच, असं मला तिथे बसून वाटलं आणि वाईट वाटलं.

उपासनेनंतर हुग्गी (गव्हाची गुळातली खीर) वाढली. मार्थाबाई एका बाईकडे पाहून म्हणाल्या, "हिला विचारा, सिस्टर. गेल्या पावसाळ्यात हिच्यात पाळी आली तवा कळलं, ही म्हयनाभर अंथरुनात हुती. देवळात समदी धुतल्याली कापडं घालून येत्यात. घरात गेलं की दिसतं, चूल पेटती का न्हाई."

खीर माझ्या हातात तशीच राहिली. मी आयुष्यभर वॉर्डात राउंड घेतला. माणूस कसा आहे ते त्याच्या खाटेशी गेल्याशिवाय कळत नाही, हे नव्या मुलींना मीच शिकवलं. रविवारी मात्र मी बाकावर बसून समोरच्या बाईच्या मानेकडे पाहत आले. रहिमतपुरात फरशीकडे बघून जे वाटलं नाही, ते मला त्या सोप्यात वाटलं. पणजोबा असेच बसले असतील, दुसऱ्याने सरकवून दिलेल्या जागेत. उरलेले बेदाणे मी मार्थाबाईंना दिले आणि नव्या पानावर नवा अहवाल लिहिला.

साताऱ्यात समितीची बैठक मंगळवारी झाली. अध्यक्ष म्हणाले, "सिस्टर, ठिकाणापुढे तुम्ही आठ पत्ते लिहिले आहेत. एक लिहा."

"आठच आहेत."

"त्यातलं एक ख्रिस्ती नाही."

"तिथे सगळ्यात जास्त माणसं बसतात."

कुणीतरी नियम वाचून दाखवला. मग मी चूल पेटते की नाही ते सांगितलं, अंथरुणातल्या बाईचं सांगितलं, आणि विजयकडून ऐकलेलं सिरियातलं घरही ठोकून दिलं. माझा आवाज चढला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलं नाही. वाद तासभर चालला. शेवटी अध्यक्षांनी आठही पत्ते मान्य केले: मंडळी राहील, पाळकांची फेरी चालू राहील.

घरी येऊन चप्पलही न काढता मार्थाबाईंना फोन लावला. समितीचा निर्णय सांगितला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"म्हंजे पोरीचा बाप्तिस्मा गावातच. देवानं आयकलं."

"बाई, आणि समितीने मंडळी बंदच केली असती तर?" मी विचारलं.

"तर पाळक आलं नसतं. लय रडलो असतो."

"आणि रविवारी?"

"ऐतवारी काय?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "ऐतवारी बसलो असतो की, सिस्टर. कुनाच्यातरी."