लेकीच्या घरचा चहा

औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात ह्यांना घेऊन बसले होते, तर शेजारी सिल्लोडकडचे एक फेटेवाले भाऊ, बाथरूमजवळची खुर्ची धरून. मी थर्मासमधला चहा ओतायला गेले, तर त्यांनी कपावर हातच ठेवला.

“नको ताई. प्रोस्टेट वाढलंय, सारखं पळावं लागतं. लेकीच्या घरीबी नाय म्हणतो, म्हणून रुसलीय.”

“मग खरं सांगा की तिला.”

“बापानं लेकीला हे कसं सांगावं?”

भाऊंचं गोळ्यांनी भागत नव्हतं. डॉक्टर दुर्बिणीच्या ऑपरेशनचं म्हणत होते, पण त्याला लेकीला बोलवावं लागणार, म्हणून ते गोळ्याच धरून बसलेले. शेवटी फोन लावून त्यांनी माझ्याच हातात दिला. मी सांगितलं.

“एवढंच व्हय?” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्या घरचं नको झालं बाबाला. ऑपरेशनला मी येते म्हणा.”

तिचा निरोप सांगितला, तशी भाऊंनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. “अर्धा कप द्या ताई,” म्हणाले.