बऱ्या झालेल्या माणसाचा फलक

मुंबईहून निघालेली आमची गाडी खारेपाटणला चहासाठी थांबली, तरी समितीचं एका शब्दावर एकमत होत नव्हतं. मानसिक आजारातून माणूस बाहेर येतो त्याला सगळे 'रिकव्हरी' म्हणतात. नव्या धोरणाच्या मसुद्यात त्यासाठी मराठी शब्द हवा होता. भाषांतरकार म्हणून मी 'सावरणं' सुचवलं. समितीचे अध्यक्ष, म्हणजे आमचे डॉक्टरसाहेब, भजी चटणीत बुडवत म्हणाले, "फार लवकर कळतो हा शब्द. धोरणाला जरा वजन हवं." मग 'पुनर्प्राप्ती' मंजूर झाला. हरवलेली छत्री डेपोत परत मिळावी, तसा तो मला ऐकू आला.

मालवणच्या एसटी स्टँडसमोर रिक्षांच्या डोक्यावर एक मोठा फलक होता. त्यावर साधारण चाळिशीचा एक माणूस हसत होता आणि शेजारी लिहिलं होतं: 'मी बरा झालो! तुम्हीही व्हा!' खाली मान्यवर हात जोडून उभे. डॉक्टरसाहेबांनी गाडी थांबवून फलकासोबत फोटो काढून घेतला.

तो माणूस दुपारी तारकर्लीच्या रिसॉर्टवर भेटला. पांडुरंग त्याचं नाव. तिथे भरलेल्या आमच्या कार्यशाळेत तो अनुभवकथन करणार होता. जेवायला माझ्याशेजारी बसला. बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं आंबट-तिखट कालवण) समोर आलं, पण तो नुसताच भात चिवडत राहिला.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"माका बरा वाटता ताच सांगून सांगून कंटाळलंय," तो म्हणाला.

मग त्याने हकिकत सांगितली. कानात आवाज यायचे, इस्पितळात राहिला, गोळ्या सुरू झाल्या. घरी आल्यावर हसनभाई तांडेलांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) त्याला पुन्हा बोटीवर घेतलं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग डॉक्टरसाहेबांच्या प्रकल्पाचा तो फलक लागला.

"आधी चार घरांक म्हायत होता, आता अख्ख्या तालुक्याक म्हायत झाला. खलाशी म्हणतत, खोल दर्यात ह्याका काय झाला तर? मी घराकच आसंय."

दुपारच्या सत्रात तो माइकपाशी उभा राहिला आणि ऑफिसात बोलतात तसल्या मराठीत म्हणाला, "साहेब, माझी एकच विनंती आहे. तो फलक उतरवा."

सभागृहात सवयीने टाळ्या पडल्या. मग अर्थ ध्यानात आला, तशा थांबल्या. डॉक्टरसाहेब प्रेमाने म्हणाले, "पांडुरंग, तू लोकांची प्रेरणा आहेस. शिवाय फलकाला प्रकल्प संपेपर्यंत मंजुरी आहे."

पांडुरंगने माइक टेबलावर ठेवला आणि बाहेर पडून रिक्षा पकडली. थोड्या वेळाने आम्ही गाडीतून मागोमाग निघालो. स्टँडवर पोचलो तेव्हा तो रिक्षावाल्यांकडून शिडी मागून वर चढला होता आणि फलकाच्या दोऱ्या कापत होता. कापड फडफडत खाली आलं. मान्यवर आधी कोसळले.

"आजार उलटलाय," डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले. "वागणं बघा!"

बघ्यांच्या गर्दीतून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पुढे आले. तेच हसनभाई. त्यांनी आधी शिडी धरली. पांडुरंग खाली उतरल्यावर ते डॉक्टरांकडे वळले.

"डॉक्टरानू, ह्यो बरो आसा मा? माझ्या खलाशांक तुमी तेवढा सांगा."

"तशी खात्री कशी देणार? वैद्यकीय जबाबदारी असते."

"मगे फलकार कित्याक लिवलात?"

"ती जनजागृती होती!"

हसनभाईंनी शिडी रिक्षावाल्यांकडे परत दिली. "बरा. मगे आमचा आमी बघतंव." ते पांडुरंगकडे वळले. "फाल्या (उद्या) सकाळी बोटीर ये रे."

"खलाशी?"

"येतीत ते येतीत."

दुसऱ्या दिवशी परत निघण्याआधी मी बंदरावर गेले. एक खलाशी खरंच आला नव्हता. बोट एक माणूस कमी घेऊन गेली होती. ती परतली तेव्हा ऊन चढलं होतं. पांडुरंगचा चेहरा पिवळा पडला होता. गोळीने सकाळी अंग जड होतं, हे त्याने मला जेवतानाच सांगितलं होतं. मासळीही बेताचीच होती. एक तरुण खलाशी त्याच्यापासून जरा लांबच उभा होता. मी पांडुरंगची विचारपूस करायला पुढे होणार, एवढ्यात हसनभाई ओरडले, "पांडू, झोपलंस काय? जाळा ओढ रे!"

पांडुरंगने एक सणसणीत शिवी हासडली आणि जाळं ओढलं. लांब उभा असलेला तो तरुण हसला आणि त्याने दुसरं टोक धरलं.

घाट चढताना गाडीत डॉक्टरसाहेब 'आजार उलटल्याची नोंद' सांगत होते आणि सगळे माना डोलावत होते. मी खिडकीबाहेर पाहत होते. दोन दिवसांत आम्ही सर्वांनी पांडुरंगला कसं वाटतंय ते कितीदा तरी विचारलं होतं. बंदरावर ते कुणीच विचारलं नाही. मला वाटतं, तेवढ्यासाठीच तो शिडी चढला होता.