जावेचा काढा मी प्याले

धाकटी जाऊ बाळंत झाली नि गप झाली. ताप नाय, दुखणं नाय. नुसती भिंतीला टेकून बसायची. पोर रडलं तरी बघायची नाय. सासू म्हणे, "सोंगं हायत. आमी पाचव्या दिशी कांडायला बसलो." मंग म्हणाली, बाहेरचं लागलंय. कोंबडं दिलं. ही तशीच.

मी पोर तिच्या छातीशी धरायची, तर दोन घोट होतायत तवर ती अंग काढून घेई. महिन्याच्या पोराला हगवण लागली. आमचं गाव खालापुराकडं. तवा त्या वाटेला गाडी कुठली? पदरात गुंडाळून चालत कर्जतला वैद्याकडं नेलं. त्यानं कुड्याची साल दिली. "अंगावर पितंय ना? मंग काढा आईनं प्यायचा, दुधातनं पोराला लागतो. मिरची, आंबट, सुकट बंद."

"ती पेज पीत नाय, काढा काय पिणार?"

"समजवा तिला."

समजवा! त्याचं काय जातंय?

घरी काढा तिच्या तोंडाला लावला. थुंकली. नाक दाबून पाजला, ओकली. "अगं, पोर मरंल तुझं!" तर म्हणते, "मरू दे. मी बी मरते." दीर उठून शेतावर गेला. बाप्यांना बरं, पळायला शेत असतंय.

पोराची टाळू खोल गेली. माझी पोरगी वर्साची, अंगावरच होती. मंग मीच त्याला पाजायला लागले नि काढा बी मीच प्याले. कडू जहर. घरात सुकट शिजायची नि मी मिठाची पेज ओढायची. दूध पुरंना, पोरगी मला बोचकारायची. वर सासू इचारते, "तुला काय धाड भरलीय गं काढा प्यायला?"

पंधरा दिसांनी हगवण थांबली. होळीच्या सुमाराला जाऊ बोलायला लागली, कशानं कोण जाणं. सासू म्हणाली, कोंबडं लागू पडलं. बरं बाई, कोंबडं.

एक दिवस जाऊ म्हणाली, "बाय, माझं पोर दे." दिलं. त्यानं हंबरडाच फोडला, माझा पदर सोडीना. तिचे हात ढिले पडायला लागले.

"आता सोडलंस तर थोबाड फोडीन," म्हटलं. पदर ओढून घेतला नि शेणाची पाटी घेऊन भायेर गेले. मी दिसले तर ते तिच्याकडं कशाला जाईल? आत पोर बोंबलतंय, हितं माझी चोळी भिजलीय. गोठा दोनदा झाडला, पर आत गेले नाय.