मला कॉम्प्युटर येत नाय

"मॅडम, याला कुठं दाबायचं?"

रंजनाताईंनी माऊस दोन बोटांत धरला होता, पाल शेपटीनं उचलावी तसा. मी डावं बटण दाखवलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि उजवं दाबलं.

पेणमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये शालेय ग्रंथपालांचं आमचं प्रशिक्षण चालू होतं. पेण आणि रोहा, दोन्ही तालुक्यांतले ग्रंथपाल होते. विषय तीन: वाचन, तंत्रज्ञान आणि शोधाधारित शिक्षण. तिसरं नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे. प्रश्न मुलांनी काढायचा. उत्तरही मुलांनीच शोधायचं. ते कुठं कुठं सापडू शकतं हे ग्रंथपालानं दाखवायचं, आणि स्वतः उत्तर सांगून मोकळं व्हायचं नाही. तेच सगळ्यात अवघड असतं.

मी या कामात आले ती पत्रकं वाटत. 'पुस्तकांना कुलूप का?' असं मोठ्या अक्षरात छापलेलं पत्रक मी रोह्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून वाटलेलं आहे. पुढे पुण्याच्या एका संस्थेनं विचारलं, नुसतं ओरडणार की शिकवायलाही येणार? म्हटलं, येते.

पहिल्या दिवशी आम्ही प्री-टेस्ट घेतली. म्हणजे शिकवण्याआधीची चाचणी. शिकवून झालं की तीच पुन्हा घ्यायची. मधे जो फरक पडतो ते आमचं काम, असं देणगीदार समजतात. वाचनात सगळ्यांना बरे गुण होते. कॉम्प्युटरच्या रकान्यात जवळजवळ सगळ्यांना शून्य. ईमेल येतो का? नाही. टायपिंग? नाही. फाईल उघडता येते का? नाही.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं डिजिटल शाळा, डिजिटल शाळा म्हणून बोर्ड रंगवतात आणि ग्रंथपालाला साधा माऊस कुणी शिकवला नाही! पत्रकाचा मथळा मनात तयारसुद्धा झाला. मी पुण्याला आमच्या प्रकल्पप्रमुखांना, प्रधान सरांना, फोन लावला.

"सर, कॉम्प्युटरमध्ये शून्य आहेत सगळे."

"शून्य? उत्तम!" सर खूष झाले. "म्हणजे वाढीला भरपूर वाव आहे. आलेख छान दिसेल."

तर दुसऱ्या दिवशी मी माऊसपासून सुरुवात केली. अर्धी सकाळ त्यात गेली. मग वाचनाच्या सरावासाठी एक गोष्ट पडद्यावर लावायची होती. गावातल्याच एका टायपिंगवाल्याकडून करून घेतलेली फाईल. ती उघडली तर पडद्यावर मराठीऐवजी भलतीच चिन्हं. स्वल्पविराम, कंस, डॉलर. मी बंद केली, पुन्हा उघडली. तेच. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच.

मागून आवाज आला, "जुन्या फॉन्टातली हाय ती. युनिकोड करून घ्या, नायतर त्याच्याकडनं पीडीएफ मागवा."

युनिकोड म्हणजे मराठी कुठल्याही मशीनवर मराठीच दिसावं अशी टायपिंगची पद्धत. ज्याला माऊसचं बटण सापडत नाही त्याला हे माहीत असायचं काही कारण नाही.

मी मागे वळून बघितलं. शेजारच्या सुनंदाबाईंनी रंजनाताईंना कोपर मारलं ते मला स्पष्ट दिसलं. रंजनाताई वर पंख्याकडे बघायला लागल्या.

"असं आपला माझा पुतण्या म्हणतो," त्या म्हणाल्या.

चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं.

"ताई, तुम्हाला कॉम्प्युटर येतो."

"मला कॉम्प्युटर येत नाय."

"आत्ता तुम्हीच..."

"चहा घ्या मॅडम, गार होतोय."

सुनंदाबाई हसायला लागल्या. "सांग गो तिला. पोर बरी हाय. ओरडते जरा, पण बरी हाय."

मग रंजनाताईंनी सांगितलं. त्या गडब गावच्या. आधी त्यांच्या संस्थेच्या पेणजवळच्या शाळेत होत्या. तिथं असताना असंच एक प्रशिक्षण झालं, कॉम्प्युटरचं. त्या मन लावून शिकल्या. सर्टिफिकेट शाळेत गेलं. पुढच्याच आठवड्यात हेडसरांनी ऑफिसात बोलावलं. सरकारच्या पोर्टलवर मुलांची माहिती भरायची होती, तेवढी भरून द्या, दोनच दिवसांचं काम. मग आधारवरचं नाव आणि रजिस्टरातलं नाव जुळेना, ते दुरुस्त करा. मग स्कॉलरशिपचे फॉर्म. मग रोज पोषण आहार कितीजण जेवले ते. सर्व्हर बंद पडला की बसून राहा, चालू झाला की भरा.

"आणि ग्रंथालय?"

"त्याला कुलूप. किल्ली माझ्याकडंच. पोरं ऑफिसच्या खिडकीत येऊन विचारायची, बाई, आज पुस्तक? मी म्हनायची उद्या." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग माझी बदली रोह्याला झाली. तवाच ठरवलं. नव्या शाळेत पयल्या दिवशी हेडसरांनी विचारलं, कॉम्प्युटर येतो का? म्हटलं, नाय. हातच लावला नाय कधी. आता माझं ग्रंथालय रोज उघडं असतं. पोरं येतात, जमिनीवर बसून वाचतात. तेवढं एक हाय माझ्याकडं."

"या हॉलमध्ये किती जणांना खरंच येत नाही?"

सुनंदाबाईंनी नजर फिरवली. "त्या कोपऱ्यातल्या सरांना. त्यांना खरंच नाय येत."

मी संतापले. आम्हीच तंत्रज्ञान शिकवायचं आणि शाळांनी त्यातून फुकटचा ऑपरेटर काढायचा. क्लार्कची जागा भरायची नाही, आणि ग्रंथपालाला खुर्चीसकट उचलून ऑफिसात नेऊन ठेवायचं. "आपण पत्रक काढू," मी म्हटलं. "सगळ्यांच्या सह्या घेऊ."

"काढा की," रंजनाताई शांतपणे म्हणाल्या. "तुमी पुण्याला निघून जाल. मी सोमवारी त्याच दारानं आत जायची हाय. माझं एकच काम करा. सर्टिफिकेटवर कॉम्प्युटर नका घालू."

मी प्रधान सरांना पुन्हा फोन केला. तंत्रज्ञान हा शब्द सर्टिफिकेटवर नको, म्हटलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छापून झालीत. आणि रोह्याच्या शाळेत नमुना तास ठरलाय ना? तिथं तंत्रज्ञान दिसलं पाहिजे. हेडमास्तर बसणार आहेत."

रोह्याची ती शाळा म्हणजे रंजनाताईंचीच. नमुना तास म्हणजे शिकलेलं वर्गात करून दाखवायचं. मी रंजनाताईंशी ठरवून टाकलं: पुस्तकं तुम्ही सांभाळा, लॅपटॉप मी सांभाळते. तुम्ही बोटसुद्धा लावू नका.

"चालंल," त्या म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सातवीचा वर्ग ग्रंथालयात जमला होता. हेडमास्तर पाटील सर दाराजवळच्या खुर्चीवर. रंजनाताईंनी मुलांना विचारलं, रोज बघता पण कळत नाही असं काय आहे?

वरसे गावातून येणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या बाजूचा ओढा होळीच्या आधीच सुकतो. मग कुंडलिका नदीला मे महिन्यात पाणी कुठून येतं?"

"भरतीचं," दुसरी म्हणाली.

"भरतीचं खारं असतं. हे गोडं हाय."

"खारं पाणी खाली खाडीतच राहतं गो, वरच्या गोड्याला नुसतं मागं ढकलतं. आमची होडी हाय, मला माहीत हाय."

"मग सकाळी जास्त आणि नंतर कमी का असतं?"

माझ्या जिभेवर उत्तर होतं. रंजनाताई म्हणाल्या, "मला नाय माहीत. कुठं बघू या?" मी जीभ आवरली. दोन दिवस मी जे शिकवत होते ते त्या करत होत्या, आणि माझ्यापेक्षा नीट.

कपाटातून जिल्ह्याचं जुनं पुस्तक निघालं. नकाशा जमिनीवर पसरला. मुलं त्यावर ओणवी झाली. नदीवर बोट ठेवून एकेक जण उलटा वर सरकला: कोलाड, मग भिरा. भिऱ्याला वीजघर. त्याच्या वर डोंगर. डोंगरापलीकडे मुळशीचं मोठं निळं पाणी. पुस्तकात वाचून काढलं: ते अडवलेलं पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला येतं, वीज झाली की कुंडलिकेत सोडतात. वर्गात एकच गलका. म्हणजे आपल्या नदीत पुण्याकडचं पाणी!

होडीवाली मुलगी मात्र हटेना. "पण आज सकाळी पाणी चढलं होतं ते भरतीचंच."

"कसं ठरवायचं?" रंजनाताईंनी विचारलं.

"आज नदीच्या मुखाशी, रेवदंड्याला, भरती किती वाजताची, ते बघायचं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लॅपटॉप पुढे ओढला. शोधलं. एक जाहिरात आली. ती घालवली, तर दुसरी आली. मग भरतीचं एक कोष्टक आलं, ते विलायतेतल्या कुठल्यातरी बंदराचं. मागे एक मुलगा जांभई द्यायला लागला. दोघीजणी खिडकीबाहेर बघायला लागल्या. नुकता पेटलेला वर्ग माझ्या हातात विझत होता.

"द्या इकडं," रंजनाताई म्हणाल्या.

मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी लॅपटॉप माझ्या हातातून घेतलाच. मराठीत झरझर टाईप केलं, जाहिराती उडवल्या, रेवदंड्याचं कोष्टक उघडलं, अक्षर मोठं केलं, प्रोजेक्टरवर टाकलं. मला श्वास घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

"आता वाचा. भरती कधीची?"

"मध्यरात्रीची, आणि मग थेट दुपारची!" वर्ग ओरडला.

"मग सकाळचं पाणी?"

"वीजघराचं!"

होडीवाल्या मुलीनं पडद्यावरची वेळ पुन्हा वाचली. "आजचं असंल," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू." पुढचे काही दिवस पुलावरून पाणी बघायचं, खाली उतरायचं नाही, आणि भरतीच्या वेळेशी ताडून बघायचं, असं मुलांनीच ठरवलं.

मी दाराकडे बघितलं. पाटील सर उभे राहिले होते. सगळं त्यांनी पाहिलं होतं. रंजनाताईंनीही त्यांच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप हळूच मिटला.

"मॅडम, जरा ऑफिसात या," सर मला म्हणाले.

मी पूर्ण तयारीनं आत गेले. बसायच्या आधीच सुरू केलं. "सर, ग्रंथपालाला ऑफिसात बसवणं हा मुलांवर अन्याय आहे. आम्ही हे..."

"बसा आधी. तुमच्या सर्टिफिकेटवर काय लिहिलंय?"

"वाचन, तंत्रज्ञान आणि शोधाधारित शिक्षण."

"मधलं काढता येईल?"

आता मात्र मी बसले.

"ती पहिल्या दिवशी आली ना, त्याच्या आधीच मला तिच्या जुन्या शाळेतून फोन आला होता," सर म्हणाले. "सोन्यासारखी बाई पाठवतोय, तुमचं पोर्टलचं टेन्शन गेलं. मी खुशीत होतो. कॉम्प्युटर येतो का विचारलं, तर नाही म्हणाली. मला राग आला. दोनचार दिवसांनी जाब विचारायला ग्रंथालयात गेलो. पोरं जमिनीवर बसून वाचत होती. दारातूनच परत आलो."

"मग पोर्टल कोण भरतं?"

"मी. घरी बसून. बायको म्हणते, त्या पोर्टलशीच लग्न करायचं होतंत." ते हसले नाहीत. "वरून विचारतात, कॉम्प्युटर जाणणारा स्टाफ कोण, नाव कळवा. मी कळवतो, कुणी नाही. कारण मला माहीत नाही. तुमचा कागद आला की मला माहीत झालं. मग नाव द्यावं लागेल."

"हे तुम्ही त्यांना का सांगत नाही?"

"सांगितलं तर उपकार म्हणून दोन फॉर्म भरून देईल. दोनाचे दोनशे कसे होतात ते तिला विचारा."

"क्लार्कची जागा मागा ना, सर."

"दरवर्षी मागतो."

मी बाहेर आले. रंजनाताई व्हरांड्यात उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"काय म्हनले?"

"आज तुम्ही काय केलंत ते त्यांनी पाहिलंच नाही."

"पाह्यलं नाय?"

"नाही."

त्यांनी पदर बोटावरून सोडवला. "बरा माणूस हाय," म्हणाल्या, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली म्हणून ग्रंथालयाकडे गेल्या.

सर्टिफिकेटं मी मधला शब्द काढून पुन्हा छापून घेतली. प्रधान सर चिडले. दुसऱ्या चाचणीतही कॉम्प्युटरचा रकाना शून्यच राहिला, आणि अहवालात मी तसाच ठेवला. खाली स्पष्ट लिहिलं की ग्रंथपालांना कॉम्प्युटर येतो, ते लपवतात, आणि का लपवतात. नाव एकाचंही दिलं नाही. इथलीही नावं बदललेली आहेत.

"आलेख सपाट!" सर म्हणाले. "देणगीदार विचारतील."

"विचारू देत. वाचतील तरी."

देणगीदारांनी खरंच विचारलं. म्हणून प्रशिक्षणाच्या पुढच्या फेरीत पहिला दिवस मुख्याध्यापकांचा ठेवला, विषय एकच: तुमच्या शाळेत पोर्टल कोण भरतं? आले थोडेच, पण बोलले भरपूर. पाटील सर पहिल्या रांगेत बसून अवाक्षर न बोलता ऐकत होते. क्लार्कची जागा अजून रिकामी आहे. दोन माणसांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवायची तेव्हा एक खोली उघडी राहते, याला मी विजय म्हणणार नाही. पण खोली उघडी आहे.

आमच्या प्री-टेस्टमधून मी एक प्रश्न मात्र काढून टाकला. तुम्हाला काय येतं, हे मी आता पहिल्या दिवशी विचारत नाही. येतं असं सांगितलं तर तुमचं काय होतं, ते आधी विचारते.