रूथचं तिसरं प्रकरण

आमच्या माहेरी रोज संध्याकाळी शास्त्र, म्हणजे बायबल, क्रमानं वाचतात. आज मन उदास आहे म्हणून स्तोत्र काढा, उद्या कुणाचं लग्न आहे म्हणून प्रीतीवरचं काढा, असले लाड आईला चालत नाहीत. काल जिथं खूण ठेवली तिथून आज पुढं. वंशावळ आली तर वंशावळ. नुसती नावंच नावं, जीभ वळत नाही, तरी एकेक वाचायचं. वाचून झालं की आई एकेकाकडं बघून विचारते, "काय धरलं?" म्हणजे यातलं तू स्वतःसाठी काय घेतलंस आणि उद्या काय करणार. "देव महान आहे" असं काहीतरी म्हणून सुटका होत नाही. आई म्हणते, "ते हायच की. तू काय करणार ते सांग."

एकदा लेवीयाच्या पुस्तकात घराच्या भिंतीवर चट्टे उठले तर काय करावं, ते आलं. दुसऱ्या दिवशी आईनं मला आणि वैनीला चुलीमागचा ओल धरलेला गिलावा खरवडायला बसवलं. मी म्हटलं, "आई, ते जुन्या करारातलं हाय. आपल्याला लागू न्हाय." आई म्हणाली, "ओल लागू हाय का न्हाय?" दुपारभर दोघी खरवडत होतो, नाकातोंडात धुरळा गेला.

माझं सासरही जळकोटातच आहे, माहेराहून दोन गल्ल्या सोडून. दिवेलागणीला भाकरी उरकल्या की मी वाचनाला जाते. नवरा आधी कुरकुरायचा. आता तोच म्हणतो, "गेली न्हाईस अजून?" त्याला टीव्ही मोकळा मिळतो.

माझा भाऊ काविळीनं गेला. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, मूलबाळ नव्हतं. घरात मागं राहिल्या दोघीच, आई आणि वैनी. वैनी मुरुमची, माझ्याहून पुष्कळ लहान, हाताला चपळ. घरच्या मशीनवर ब्लाऊज शिवायची, आईला आत्या म्हणायची, तिच्या गुडघ्यांना तेल लावायची, आणि बोलायची कमी. माझ्यासारखी बडबडी नणंद असल्यावर तिला बोलायला जागा तरी कुठं होती म्हणा.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत आहे. नव्या नवरीला महिला मंडळ काचेच्या चौकटीतलं भरतकाम भेट देतं, आणि त्यावर कायम रूथचं वचन असतं. रूथ ही शास्त्रातली एक विधवा सून. तिची सासू नामी म्हणते, बाई, आता तू माहेरी जा. रूथ म्हणते, तुम्हाला सोडून मी कुठंही जाणार नाही. सासूला म्हटलेलं वाक्य आम्ही नवरीला का देतो, हे मी एकदा विचारलं होतं. मला गप्प बसवण्यात आलं. वैनीची चौकटही दारासमोरच्या भिंतीवर होती.

भाऊ गेल्यावर जो येईल तो त्या चौकटीकडं बघायचा आणि म्हणायचा, "रूथसारखी सून मिळाली, नशीब काढलं." बायका मला म्हणायच्या, "सून असावी तर अशी." बघायच्या माझ्याकडं, पण लेकी बोले सुने लागे. वैनी मान खाली घालून चहा आणून द्यायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वय काय तिचं, आणि सगळं गाव मिळून तिला त्या काचेत बसवायला निघालेलं.

वर्षश्राद्ध आमच्यात नसतं, पण वर्ष झालं की आठवणीची उपासना असते. ती झाली आणि वैनीचे वडील आले. माणूस भिडस्त. चहा संपेपर्यंत जमिनीकडं बघत बसले, मग म्हणाले, "ईनबाई, तुमची मर्जी असंल तर बोलतो. उमरग्याकडच्या मंडळीतलं स्थळ हाय. मुलगा शाळेत शिपाई हाय, निर्व्यसनी हाय. पोरीचं सगळं सांगितलंय त्यास्नी. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो म्हणालेत."

आई म्हणाली, "प्रार्थना करू."

आमच्यात मोठी माणसं "प्रार्थना करू" म्हणाली की त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. वडिलांनाही तो कळला. ते टोपी घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण घेऊन जाताना मी वैनीला सरळ विचारलं, "तुला राहायचंय का जायचंय?"

ती म्हणाली, "ताई, राहते असं मी कुणाला म्हटलेलं न्हाय. पण न्हाय राहत असं कोणत्या तोंडानं म्हणू? आत्या एकट्या पडतील."

मी तशीच आईकडं गेले आणि भांडले. आई म्हणाली, "मी कुठं तिला बांधून घातलंय?" मी म्हटलं, "जा असं तरी कुठं म्हणतीस?" मग ती गुडघे चोळायला लागली. शेवटी म्हणाली, "रात्री खोकला आला की ती पाणी घिऊन येती. ती गेली तर माझा खोकला ऐकायला बी कुणी न्हाय गं." मी म्हटलं, माझ्याकडं ये राहायला. "लेकीच्या दारात? न्हाय बाबा." मला आईची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात शास्ते पुस्तक संपलं. त्याच्यापुढं रूथ. कुणी मुद्दाम काढलं नाही, खूणच तिथं आली होती. चार प्रकरणांचं इवलंसं पुस्तक. ही बातमी शेजारच्या मावशीला कळली. मावशी महिला मंडळाची अध्यक्ष, चौकटी भरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. ती चष्मा घेऊन वाचनाला येऊन बसली.

पहिलं प्रकरण वाचायची पाळी नेमकी वैनीची. रूथचं ते वचन आलं आणि तिनं ते घाईघाईनं, पुटपुटत उरकलं. मावशी म्हणाली, "बघा, देवानंच पाळी आणली. आता आणखी काय खूण पायजे?" आईनं त्या दिवशी "काय धरलं?" विचारलंच नाही. प्रार्थना करून उठली.

दुसरं प्रकरण मी वाचलं. त्यात रूथ एका भल्या माणसाच्या शेतात सरवा वेचायला जाते. कापणीनंतर पडलेली कणसं वेचायची, आमच्याकडच्या बायकांना ते सांगावं लागत नाही. तो माणूस नामीच्या नात्यातलाच निघतो आणि रूथला जपतो. मावशीनं लगेच धरलं, "सासूसाठी राबायचं, देव बघतोच." माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण मावशी वयानं मोठी.

तिसऱ्या प्रकरणाला आईची पाळी होती. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं तशी मावशी चुळबुळली. "हे राहू द्या. जरा अवघड हाय पोरींच्या समोर. चौथं वाचा, त्यात सगळं येतं."

खरंच अवघड आहे ते. नामी सुनेला न्हायला सांगते, चांगले कपडे घालायला सांगते आणि रात्री त्या माणसाच्या खळ्यावर पाठवते, त्यानं तिच्याशी लग्न करावं म्हणून. आमच्या चर्चमध्ये यावर प्रवचन झालेलं मला तरी आठवत नाही. सगळे पहिल्यावरून थेट चौथ्यावर, त्यांच्या लग्नावर, उडी मारतात.

"क्रमानं हाय ते क्रमानं वाचायचं," आई म्हणाली.

आई शब्दाखाली बोट धरून, मोठ्यानं, अडखळत वाचते. पहिलंच वाक्य तिनं वाचलं आणि थांबली. परत मागं गेली, परत वाचलं. तिथं सासूच सुनेला म्हणते, पोरी, तुझं भलं व्हावं म्हणून तुझ्यासाठी एखादं घर बघायला नको का मी? आईनं तिसऱ्यांदा वाचलं. मग न लाजता, एकही ओळ न गाळता, ते खळं आणि ती रात्र, सगळं प्रकरण शेवटापर्यंत वाचलं. मावशी भिंतीकडं बघत होती.

पुस्तक मिटून आई म्हणाली, "आज मी सांगते. त्या बाईनं सून ठिवून घेतली न्हाय. तिचं घर बघितलं. मी न्हाय बघितलं."

"अवं, पण रूथ सोडून गेली न्हाय की," मावशी म्हणाली. "सुनेनं राहायचं, हीच तर शिकवण हाय."

"सुनेनं काय धरायचं ते सून बघंल," आई म्हणाली. "मी सासू हाय. मी वरीसभर सुनेचं वाचून सुनेला सांगत बसले. माझ्या वाट्याचं माझ्या बापजन्मी वाचलं न्हाय."

वैनी पदर तोंडाला लावून रडायला लागली. आई तिला म्हणाली, "रडू नको. तुझ्या वडलांचा नंबर लाव."

फोन मी लावून दिला. आई म्हणाली, "ईवायबुवा, रविवारी त्या लोकांना घिऊन या. मुरुमला न्हाय. हितं, जळकोटला. पोरगी आमच्या घरातनं जाणार, तर बघायचा कार्यक्रम बी आमच्याच घरात."

रविवारी उपासनेनंतर ते आले. मुलगा, त्याची आई आणि त्याची एक आत्या. मुलगा साधा, केसांना जरा जास्तच तेल लावलेला. मी पोहे केले. आत्या तिखट होती, मला माझ्याच जातीची वाटली. घरभर नजर फिरवून तिनं आईला विचारलं, "सून इतकी चांगली हाय म्हणताय, मग सोडताय कशाला?"

आई म्हणाली, "चांगली हाय म्हणून तर. वाईट असती तर ठिवून घेतली असती."

सगळे हसले. मुलाची आईही हसली, आणि घरातला ताण उतरला. आई चहा बघते म्हणून आत आली. मी मागून गेले तर ती साखरेचा डबा धरून उभी होती. साखर निम्मी ओट्यावर सांडलेली.

"मला लई भ्या वाटतंय गं," ती हळूच म्हणाली.

मी तिचा हात धरला. मी येत जाईन रोज, हे मी म्हणू शकत होते, पण मी रोज येतेच आणि रात्री घरी जातेच, हे तिलाही माहीत होतं.

तेवढ्यात बाहेरून त्या मुलाचा आवाज आला. तो वैनीशी बोलत होता, जरा चाचरत. "मोठ्या माणसांनी ठरवलं ते ठरवलं. पण तुमच्या मनात हाय का? नसंल तर तसं सांगा, मी वाईट वाटून घेणार न्हाय."

गेल्या वर्षात एवढी माणसं त्या घरात येऊन गेली. हे तिला असं सगळ्यांसमोर कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय," वैनी म्हणाली. "हाय माझ्या मनात."

तिचा एवढा स्वच्छ आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. आईनं माझ्या हातातला हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि सांडलेली साखर गोळा करायला लागली.